अमेरिकेच्या हिशेबात राहिलेला कलदार

अमेरिकेला जाऊन आलेला माणूस आमच्या खटकचिंचोळीत एकही नव्हता. न जाताच परत आलेले मात्र एक होते, ते म्हणजे सिद्धराम मास्तर.

मास्तर हैदराबादेहून बी.एस्सी. होऊन गावात गणित शिकवायला आले. शेहेचाळीस साली त्यांना अमेरिकेत दुग्धशास्त्राचं एम.एस्सी. करायचं वेड लागलं. तीन कॉलेजांची माहितीपुस्तकं टपालानं आली. मास्तरांनी चार रकाने आखले: फी, खोली, जेवण, कोट. पहिलं कॉलेज फीतच गळालं. दुसरं स्वस्त, पण तिथं सहा महिने बर्फ; तिथल्या कोटाच्या किमतीत एक बैल येत होता. तिसऱ्या गावात थंडी बेताची, आणि कॉलेजच्या गोठ्यात दोन वेळा धारा काढल्या की जेवण फुकट. मास्तरांनी त्यावर बोट ठेवलं.

त्यांची आई म्हाळसा म्हणाली, "धारा काढायला समुद्रापल्याड कामून जायलास रं? आपल्या म्हशीला काय सड कमी हायत व्हय?"

मास्तरांनी साठवलेलं सगळं एका पिशवीत बांधलं. गावानं देवळात नारळ दिला, खांद्यावर शेला घातला, बायकांनी ओवाळलं. मीही टाळ्या वाजवल्या. मास्तर मोटारीत बसले आणि सोलापूरला उतरले.

आता एक सांगायला हवं. आमच्याकडं, निजामाच्या राज्यात चालायचा हाली रुपया; हद्दीपलीकडे, सोलापूर-मुंबईत, इंग्रजांचा कलदार. सात हाली द्यावेत तेव्हा ढोबळ सहा कलदार यावेत. चौथीच्या वर्गाला हे गणित मास्तर छडीनं शिकवत. आणि मुंबईच्या जहाज कंपनीनं खर्च रुपयांत कळवला, तेव्हा जन्मभर हालीच मोजलेल्या या माणसानं तो हालीच धरला.

सोलापूरच्या सराफानं पिशवी मोजून कलदार पुढं ठेवले. मास्तरांनी पुन्हा मोजायला लावलं. सराफ म्हणाला, "मास्तर दिसता. हिशेब तुम्हीच करा की." मास्तरांनी केला. जहाजाचं भाडं काही बसेना.

गावात कोणत्या तोंडानं जायचं? शेला पिशवीत कोंबून ते आडवाटेनं कमलनगरला थोरल्या बहिणीकडं, रेणुकाबाईंकडं गेले. नऊ दिवस माळ्यावर ज्वारीच्या पोत्यांआड बसले. दार वाजलं की अंगावर घोंगडं ओढून घ्यायचे. इकडं आम्ही रोज मास्तरांचं जहाज कुठवर गेलं असेल यावर वाद घालत होतो.

दहाव्या दिवशी तेल घेऊन काशाप्पा आला. कमलनगरात त्याचं दुकान होतं. हाली-कलदारच्या गणितापायी मास्तरांचा सगळ्यात जास्त मार खाल्लेला विद्यार्थी तो हाच. डबा ठेवायला तो माळ्यावर चढला, तर घोंगड्याबाहेर मास्तरांचे पाय दिसले.

"मास्तर? अमेरिका एवढ्या जवळ हाय व्हय?"

मास्तर उठून बसले. मान खाली घालून सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "काशाप्पा, हेच गणित चुकलं म्हणून तुला तीन दिवस मारलं होतं मी."

"चार दिवस," काशाप्पा म्हणाला. "हात पुढं करा."

मास्तरांनी खरोखरच हात पुढं केला, तळवा वर, डोळे मिटून. काशाप्पाला हसू आलं होतं, ते तिथंच विरलं. तो खाली गेला. स्टेशनावरून परत आला तेव्हा त्यानं त्या तळव्यावर भालकीचं, म्हणजे आमच्या गावाजवळच्या स्टेशनाचं, रेल्वेचं तिकीट ठेवलं.

"चला. मी संगट येतो. लोक हसतील, हसू द्या. मी चौथीत पूर्ण वरीस सोसलंय, मेलो न्हाई."

संध्याकाळी देवळापुढं मास्तर उभे राहिले. शेला घडी करून पायरीवर ठेवला आणि चूक सांगितली. एक आकडाही लपवला नाही. आम्ही हसलो. मीही हसलो, हे आज लिहिताना बरं वाटत नाही. मास्तर खाली बघत राहिले. त्यांचे कान तेवढे लाल झालेले दिसत होते.

म्हाळसा गर्दीतून पुढं आली. शेला उचलून लेकाच्या खांद्यावर टाकला आणि त्याच्या हातात चरवी दिली.

"अमेरिकेच्या गाई थांबतील. आपली म्हैस कवापास्नं रेकायलीय."

मास्तर चरवी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी शाळेत आले. हाली-कलदारचं गणित त्यांनी पुढंही शिकवलं, पण वर्गात छडी आणली नाही.