डोरीनबाईंचं वर्षभरातलं एक वाक्य

आमच्या लँकेशरच्या खोऱ्यातून लंडनच्या संसदेत गेलेल्या डोरीन ऑर्मरॉड आधी शाळेत स्वयंपाक करायच्या. इस्पितळाकडे जाणारी आमची एकुलती एक बस बंद होणार होती, आणि ती वाचवायचा शब्द त्यांनी दिला होता.

सभागृहात बोलायचं असेल, तर एकाचं भाषण संपताच उभं राहायचं आणि अध्यक्षांनी दुसऱ्याचं नाव घेतलं की मुकाट्याने बसायचं. डोरीनबाई दुखरा गुडघा घेऊन वर्षभर उठत-बसत राहिल्या.

"काय गं डोरीन, जीभ घरी ठेवून जातेस का?" खाटीक क्लिफ भर दुकानात म्हणाला.

"तिथं बोलणारेच जास्त आहेत, बाबा. तू खिमा दे."

डिसेंबरात बससेवेवरच्या शेवटच्या चर्चेतही नाव निघालं ते समोरच्या पक्षाच्या एका तरुण सदस्याचं. त्याने बोलायला सुरुवात केली, तेव्हा डोरीनबाई बाक धरून पुन्हा उभ्या होत्या. दुपारपासून तो ते पाहत होता. "माननीय सदस्यांना आधी बोलू द्या," म्हणत तो मध्येच खाली बसला; बोलणारा असा स्वतःहून बसला की दुसऱ्याला मध्ये एक प्रश्न विचारता येतो.

"आमच्याकडच्या डायलिसिसच्या रुग्णांनी इस्पितळापर्यंत चालत जायचं का, एवढंच मंत्र्यांनी सांगावं," डोरीनबाई म्हणाल्या.

मंत्र्यांनी कागद चाळले, मागच्या अधिकाऱ्यांकडे पाहिलं आणि उत्तरात बस चालू ठेवायचं कबूल केलं.

शनिवारी क्लिफने खिमा बांधला. "वर्षात एकच वाक्य?"

"बस येते ना?"

"येते. पण उशिरा."

"मग पुढच्या वर्षी त्यावर बोलते."