हिरव्या बरणीतला रंग

त्या केशकर्तनालयात बावीस वर्षे केसांचा रंग कालवणाऱ्या बाईंना सगळे रंगमावशी म्हणत. मालक त्यांचा सख्खा भाचा. तो मावशी म्हणे, म्हणून गिऱ्हाइकेही म्हणू लागली. मागची खोली हे त्यांचे राज्य: एक मोरी, एक फळी, चार वाडगे, ब्रश आणि भिंतीवरचे घड्याळ. कोणाच्या केसांवर रंग किती मिनिटे ठेवावा, हे त्या नुसती बट चिमटीत धरून सांगत.

एक डोके मात्र त्यांना विसरता येत नव्हते. दोन वर्षांपूर्वी शाळेतल्या एका शिक्षिकेला त्यांनी रंग लावला होता. आधी कानामागे थेंब लावून दोन दिवस वाट पाहायची, हा नियम मावशींना तोंडपाठ होता. पण शिक्षिकेला घाई होती, आणि त्या दिवशी मावशींनी नियम मोडला. दुसऱ्या दिवशी शिक्षिकेच्या कपाळाच्या कडेने फोड उठले, डोळे सुजून मिटले, आणि तिला तीन दिवस दवाखान्यात काढावे लागले. तिने कोणालाच बोल लावला नाही. त्यामुळे तर तो मावशींना अधिकच लागला.

यंदा भाच्याने दुकान ‘पर्यावरणस्नेही’ केले. काचेवर मोठी पाटी आली: या मोसमाची फॅशन, पानगळ कट, टोकांना तांबूस छटा, केवळ पानाफुलांचे रंग. कामगारांना बांबूच्या धाग्याचे म्हणून खरखरीत एप्रन मिळाले. मावशींनी आपल्या एप्रनचा एक धागा ओढला आणि काडी लावली. झाडाचा धागा जळला की त्याची राख होते. हा आक्रसला, त्याचा टणक काळा मणी झाला, आणि घाणेरडा वास सुटला.

“नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा,” मावशी पुटपुटल्या. पण तेवढे त्यांनी सोसले. एप्रनने काही कोणाची टाळू भाजत नाही.

एका सकाळी त्या खोलीत शिरल्या, तेव्हा भाचा फळीपाशी उभा राहून जुन्या ट्यूब पिळत होता आणि तो लगदा पानांची चित्रे डकवलेल्या हिरव्या बरण्यांत भरत होता. उग्र भपक्याने मावशींच्या डोळ्यांत पाणी आले.

“हे काय चाललंय रे?”

“पॅकिंग, मावशी.”

“डोळे फुटले नाहीत माझे. आपलाच जुना रंग आहे हा.”

“मग? लोकांना पाला हवा असतो, पण अर्ध्या तासात हवा असतो. खरा पाला आदल्या दिवशी भिजवा, डोक्यावर तीन तास ठेवा. कोण बसणार?”

“ज्याला हवा तो बसेल.”

“अगं, रंग तोच, बरणी बदलली. कुणाचं काय बिघडलं?”

मावशींना शिसारी आली. या बोटांना कात्री धरायला त्यांनीच शिकवले होते. आता त्या बोटांवर लगदा बरबटला होता, आणि भाचा शीळ वाजवत ती बोटे पानाच्या एका स्वच्छ चित्राला पुसत होता. मोरीत अडकलेला ओल्या केसांचा बोळा उपसताना मावशींना कधी ओकारी आली नव्हती. आज आली.

अकराच्या सुमारास ती शिक्षिका आली. डोके पांढरे झाले होते. कपाळाच्या कडेला फिकट डाग अजून दिसत होते.

“मावशी, दोन वर्षं हिंमतच झाली नाही बघा,” ती हसून म्हणाली. “पण तुमची पाटी वाचली. पाल्याला काय घाबरायचं?”

भाच्याने वाडगा मावशींच्या हातात दिला आणि हळूच म्हटले, “थोडाच लाव. काही होत नाही.”

मावशींनी ब्रश बुडवला. शिक्षिकेने विश्वासाने मान मागे टाकली, डोळे मिटले. ते मिटलेले डोळे पाहून मावशींचा हात थांबला.

“उठा, बाई,” त्या म्हणाल्या. “हा पाला नाही. मागच्या वेळी लावला तोच रंग आहे.”

दुकानातल्या कात्र्या थबकल्या. “मावशी!” भाचा ओरडला.

शिक्षिका उठली. खांद्यावरचे कापड तिने स्वतःच सोडले. “मागच्या वेळी असं थांबवलं नाहीत,” एवढेच ती म्हणाली आणि गेली. ते मावशींना बरोबर वाटले.

मग जे झाले, त्याची मावशींना सर्वांत जास्त किळस आली. रांगेतली दुसरी बाई, खांद्यावर ‘धरती वाचवा’ लिहिलेली पिशवी अडकवून, ती खुर्ची थंड होण्याआधी तिच्यात बसली.

“मला काही फोड येत नाहीत हो,” ती म्हणाली. “लावा तुम्ही. फक्त फोटोत ती हिरवी बरणी दिसू द्या.”

दुकान खदखदा हसले. भाचा तर सुटल्यासारखा हसला. “ऐकलंस? चल, मावशी, झालं गेलं विसर. लाव.”

मावशींनी वाडगा मोरीत उपडा केला, एप्रन काढला आणि हात घासून धुतले. नखांतला रंग गेला नाही.

“उद्या वेळेवर ये,” भाचा मागून म्हणाला.

“आधी स्वतःच्या डोक्याला लाव,” मावशी म्हणाल्या, “मग मला ये म्हण.”

भाच्याचा हात आपल्या कुरळ्या केसांकडे गेला आणि तिथेच राहिला. मावशी पुढच्या दाराने, सगळ्यांच्या देखत, बाहेर पडल्या.