न दुखणारा खुबा

दवाखान्याच्या जिन्यात मी घसरले तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता. मी कप सांभाळला आणि स्वतः चार पायऱ्या खाली येऊन उजव्या अंगावर आपटले. मोडलं काही नव्हतं, पण आमच्या हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "कमरेचा एक एक्स-रे काढून घ्या, शंका नको."

त्याच दवाखान्यात एकोणीस वर्षं मी एक्स-रे काढते. त्या दिवशी स्वतःच टेबलावर आडवी झाले आणि सोबत काम करणाऱ्या कागलच्या बाईंनी बटण दाबलं. ओढणी सावरत मी पडद्यापाशी आले. पडद्यावर एक कंबर होती. दोन्ही खुब्यांच्या वाट्या उथळ, मांडीच्या हाडांचे गोळे त्यांतून अर्धेमुर्धे बाहेर. गोळ्याखाली हाडाची मान बारीक व्हायला हवी, तिथं फुगवटा. मला वाटलं, आधीच्या पेशंटचा एक्स-रे तसाच राहिलाय.

"कुणाचा हो हा? चालते तरी कशी बिचारी?"

बाई माझ्याकडं बघतच राहिल्या. "अवं, तुमचाच हाय की."

मी हसले. मग कोपऱ्यातलं नाव वाचलं. माझंच होतं. आदल्याच रविवारी मी पन्हाळा पायी चढून आले होते. दोन बाळंतपणं झाली, रोज मांडी घालून जेवते, दवाखान्यात दिवसभर उभी असते. खुबा कधी, एकदासुद्धा, दुखला नव्हता. पडलेल्या अंगाला मुका मार होता, तोही चार दिवसांत गेला.

पण चाल गेली. म्हणजे मी घालवली. दुसऱ्या दिवसापासून जिना चढताना कठडा धरायला लागले. जेवायला खुर्ची घेतली. नवरा म्हणाला, "लंगडतीयेस कशाला? दुखतंय?" नाही म्हणाले. रात्री कूस बदलताना मला तो गोळा वाटीतून सटकताना दिसायचा.

पंधरा दिवसांनी डॉक्टरांच्या समोर जाऊन बसले. म्हटलं, "सर, ऑपरेशन कधी करायचं?"

त्यांनी मला झोपवलं, पाय वाकवून, आत-बाहेर फिरवून बघितलं.

"दुखतंय?"

"नाही."

"आधी कधी?"

"नाही."

"मग मी ऑपरेशन कशाचं करू, फोटोचं?" ते खुर्चीत बसले. "अहो, तुमच्याकडं येतात ती सगळी दुखणारी माणसं. न दुखणाऱ्यांचे खुबे तुम्ही बघितलेत कधी? रस्त्यावरून धडधाकट चालणाऱ्या कितीतरी लोकांत असले खुबे निघतील. त्यांना माहीतही नसतं. पुढं कधी त्रास होणारच नाही असं मी लिहून देणार नाही, पण होईलच असंही नाही. चालत राहा. दुखलं तर या."

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही, दारापर्यंत. दारात मला एक मुलगी आठवली आणि पाय तिथंच थांबले.

गारगोटीला माझ्या नणंदेच्या शेजारी राहणारी ती मुलगी. तीन वर्षांपूर्वी पोटात दुखतंय म्हणून तिला तिच्या आईनं आमच्याकडं आणलं होतं. मुतखडा आहे का बघायचं होतं. मुलगी शाळेच्या संघातून खो-खो खेळायची. पोटाच्या एक्स-रेत खाली खुबेही आले होते, आणि ते जवळपास माझ्यासारखेच होते. ते बघणं डॉक्टरांचं काम. पण माणूस ओळखीचं, मला राहवलं नाही. मी तिच्या आईला बाजूला घेऊन म्हणाले होते, "हिचे खुबे बरे नाहीत हं. जपा हिला."

एवढंच बोलले होते. नंतर विसरूनही गेले.

त्या शनिवारी एसटीनं गारगोटीला गेले. मुलगी आता कॉलेजात होती. तिनंच दार उघडलं. आईनं चहा टाकला. मी आडून आडून विचारलं, "खो-खो चाललंय ना अजून?"

"कुठलं वो," आई आतून म्हणाली. "तुमीच म्हणाला न्हवता, जपा म्हणून? त्याच म्हैन्यात बंद केलं. खेळाचे सर घरी दोनदा आलते. मी पाठीवलं न्हाय."

मी कप खाली ठेवला. मुलीकडं वळून विचारलं, "तुझा खुबा दुखायचा का गं?"

"न्हाय. कवाच न्हाय."

"आणि आता?"

"आताबी न्हाय." ती जमिनीवर मांडी घालून बसली होती, ताठ. "पर आता कुठलं पळतो मी."

मी दोघींना सगळं सांगितलं. माझं पडणं, माझा फोटो, डॉक्टर काय म्हणाले ते. माझी चूक झाली, हेही सांगितलं. आई म्हणाली, "बाई, आमी तुमाला डाक्टरच समजत हुतो." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मुलीनं मात्र विचारलं, "तुमचा खुबा माझ्यापरास वाईट हाय?"

"असेल थोडा."

"आन् तुमी पन्हाळा चढतासा?"

"चढते. म्हणजे, चढत होते. परवापासून परत चढणार."

ती कप घेऊन आत गेली.

पुढच्या आठवड्यात मी त्या दोघींना आमच्या डॉक्टरांकडं आणलं. त्यांनी तिलाही तसंच तपासलं आणि पळायला हरकत नाही म्हणून सांगितलं. पण शाळेच्या खो-खो संघात तिच्या वयाचं आता कोणी उरलं नव्हतं. नणंद सांगते, ती हल्ली पहाटे उठून पोलीस भरतीसाठी मैदानात पळायला जाते. आई सोबत जाऊन कडेला बसते.