गाभाऱ्याची एक ओळ

अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराचा नवा व्यवस्थापन आराखडा समितीचा सदस्य म्हणून माझ्याकडे तपासायला आला. कात्रपच्या घरी जेवणाच्या टेबलावर तो वाचताना एका ओळीवर मी थांबलो. ‘गाभारा: स्थिती समाधानकारक, गळती आढळली नाही.’ ही ओळ माझी होती. मागच्या आराखड्यासाठी मीच पाहणी केली होती आणि नवा आराखडा करणाऱ्यांनी ती जशीच्या तशी उतरवून घेतली होती.

त्या पाहणीत मी गाभाऱ्यात उतरलोच नव्हतो. एमआयडीसीतल्या कामावरून थेट आलो होतो, पायात घोट्यापर्यंत नाड्या बांधलेले सेफ्टी शूज. ते काढायचा कंटाळा केला, दाराबाहेरूनच डोकावलो. आत झाडलोट करणाऱ्या मोरिवलीच्या मावशी पायऱ्यांवरून म्हणाल्या, "साहेब, खाली या. भिंतीतून पाणी झिरपतंय, रोज फडक्यानं टिपते मी."

"पुढच्या वेळी बघतो, मावशी."

"देवाला वरूनच रामराम? बरंय तुमचं."

मी हसलो, घरी गेलो आणि ती ओळ लिहिली. बायकोलाही कधी सांगितलं नाही.

या वेळी मंदिरात गेलो आणि अनवाणी खाली उतरलो. मावशी अजून तिथंच आहेत. त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. ओलीनं दगडावर मिठासारखा पांढरा खार फुलला होता, आणि खाली फरशीवर दगडाचे पापुद्रे पडले होते. आराखड्यात वाहनतळ आणि बागेतल्या दिव्यांना पानंच्या पानं होती. या भिंतीला एक ओळ, तीही माझी.

समितीच्या बैठकीत मी आराखड्याच्या मसुद्यावर सही करायला नकार दिला.

अध्यक्ष म्हणाले, "अहो, वाक्य तुमचंच आहे. जुन्या अहवालावर सहीही तुमची."

"म्हणून तर सांगतोय. ते खोटं आहे. गाभारा न बघता लिहिलं होतं मी."

 अध्यक्ष पुढे झुकून हळू आवाजात म्हणाले, "हे कशाला नोंदवताय? तुमचंच नाव खराब होईल. ‘एका सदस्याची सूचना’ एवढं लिहू आणि मसुदा पुढे पाठवू."

"सूचना नाही, हरकत. कारणासकट आणि माझ्या नावासकट."

ती मी माझ्याच अक्षरात लिहून दिली. मसुदा अडला. आता समितीतल्या लोकांचे फोन येतात, काम माझ्यामुळे रखडलं म्हणतात. खरंच आहे. त्या भिंतीची गळती आराखड्यात येत नाही, तोवर ते माझ्यामुळेच रखडणार आहे.