दौलतचा पहिला विद्यार्थी

दौलत पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवतो. अंबरपेठेच्या गल्लीत हे कुणाला नीट समजत नाही, म्हणून तिथे तो पोहण्याचा मास्तर आहे. तो त्यांची चूक दुरुस्त करत नाही. समुद्र हैदराबादपासून एका रात्रीच्या गाडीवर. त्यामुळे शिकणं-शिकवणं सगळं बरकतपुऱ्याजवळच्या एका क्लबच्या तलावात होतं. तलाव एका टोकाला कमरेएवढा, दुसऱ्या टोकाला चार मीटर खोल. त्या चार मीटरांत तो इन्स्ट्रक्टर झाला. कसा झालास, असं कुणी विचारलं तर तो फक्त तारीख सांगतो.

त्याआधी सहा वर्षं तो तिथे मदतनीस होता. हवेच्या टाक्या उचलायच्या, मास्क धुवायचे, घाबरलेल्या माणसाच्या मागे पाण्यात थांबायचं. ही डायव्हिंगची शाळा हिम्मतरावांची. ते नौदलातून निवृत्त झालेले पाणबुडे. बोलणं थोडं, तेही निम्मं दखनीत. दौलतच्या बरोबरीने भामा मदतनीस होती. नल्लकुंट्यात राहायची, वडिलांचं खताचं दुकान. मदतनिसाला एकट्याने कुणाला शिकवता येत नाही, त्याचं नाव कुठल्या कागदावर येत नाही. इन्स्ट्रक्टरने सही केली की शिकलेला माणूस जगातल्या कुठल्याही समुद्रात उतरायला मोकळा. दौलतला ती सही करायची होती. बाकी काही नाही, एवढंच हवं होतं त्याला.

२०१३ च्या पावसाळ्यात राज्य तुटून समुद्राकडचा भाग वेगळा होणार हे नक्की झालं. तलावावर येणारे लोकसुद्धा टॉवेल खांद्यावर टाकून त्यावरच भांडायचे, पाणी कुणाचं, शहर कुणाचं. हिम्मतरावांनी भांडणात भाग घेतला नाही. एका सकाळी दोघांना बोलावून म्हणाले, "समंदर तो उधर गया. मी पण विशाखापट्टणमला जातो. इथला तलाव एकाने सांभाळायचा. त्याला अंदमानला इन्स्ट्रक्टरच्या कोर्सला पाठवतो. कोण, ते शनिवारी ठरवू."

दोघांनी एकेक नवा माणूस आणायचा होता, कधीच पाण्यात न उतरलेला. त्याला तासाभरात तयार करून तळाशी नेऊन बसवायचं आणि वर आणायचं. हिम्मतराव पाण्यातून बघणार होते.

शनिवारी बंद पुकारला गेला. दौलतने ठरवलेला माणूस काचीगुड्याच्या मोबाईलच्या दुकानातला. त्याने सकाळी सातला फोन केला, "भय्या, मालिक दुकान के अंदर बैठने बोल रहा, शटर को पत्थर पडते बोलके. माफ करो." दौलत फोन हातात धरून दारात उभा राहिला. आत त्याचे वडील किशनराव पाय पोटाशी घेऊन चहा पीत होते. काचीगुडा स्टेशनच्या पार्सल ऑफिसातून पोर्टर म्हणून रिटायर झालेले, वय बासष्ट.

"काय झालं रे?"

दौलतने सांगितलं.

"मग मी येतो की."

विमलाबाईंनी पोळपाटावरून मान वर केली. "तुम्ही? डोक्यावरून तांब्या घेताना कानात बोट घालता तुम्ही."

"वीस वर्सं झाली, कान वाहिला का एकदा तरी?"

"वाहिला नाही, पण ऐकू किती येतं त्याला?"

"बायकोचं तेवढं येत नाही," किशनराव म्हणाले आणि उठून सदरा शोधायला लागले.

दौलत हे सगळं ऐकत होता. लहानपणी वडिलांच्या डाव्या कानात तेलाचा बोळा त्यानेच कितीदा घातला होता. कानाच्या पडद्याची जुनी जखम भरली तरी तिथली कातडी पातळच राहते, हे त्याने पुस्तकात वाचलेलं होतं. तो म्हणू शकला असता, बाबा, तुम्ही नको. त्याने स्कूटरची किल्ली घेतली.

क्लबच्या दारात फॉर्म भरायचा असतो. दमा आहे का, हृदयाचा आजार आहे का, कानाचा आजार आहे किंवा होता का. एका जरी ठिकाणी 'होय' असलं, तर डॉक्टरची चिठ्ठी आणल्याशिवाय पाण्यात पाय घालता येत नाही. फॉर्म इंग्रजीत आणि तेलुगूत. किशनरावांना मराठी पेपर अक्षर न् अक्षर वाचता येई, आणि इंग्रजीत स्टेशनांची नावं. ते चष्मा पुसत म्हणाले, "काय विचारतेत?"

"काही नाही, असंच. तब्येतीचं."

"ठीक हाय म्हणून लिही."

दौलतने वरपासून खालपर्यंत 'नाही'वर खुणा केल्या. कानाच्या ओळीवर पेन थांबलं नाही. पुढे कितीदा तरी त्याला वाटलं, निदान तिथे पेन थांबायला हवं होतं. किशनरावांनी खाली मराठीत सही केली, किशन निवृत्ती, सावकाश, पगाराच्या दिवशी करत तशी.

भामाची पाळी आधी झाली. तिचा माणूस कॉलेजातला, धडधाकट, पण आदल्या दिवसापासून सर्दी. दोन मीटरवर त्याने कानाकडे बोट केलं. तिने त्याला थोडं वर आणलं, नाक दाबून हवा सोडायला लावली, पुन्हा खाली नेलं. त्याने पुन्हा बोट केलं. तिने अंगठा वर करून 'वर चला' सांगितलं, आणि संपवलं. काठावर तो पोरगा खजील होऊन म्हणाला, "मी अजून ट्राय केलं असतं, मॅडम."

"सर्दी बरी होऊ दे, मग कर," भामा म्हणाली. हिम्मतरावांनी पाटीवर काहीतरी लिहिलं.

दौलतच्या डोक्यात त्या क्षणी एकच होतं: आता नुसतं तळाला पोचायचं.

किशनराव बनियन आणि क्लबची चड्डी घालून पायऱ्यांजवळ आले. पाण्याकडे बघत थांबले. मग दौलतच्या जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "मी उतरलो तर चालतंय ना ह्यांना?"

त्यांचं गाव देगलूरकडचं. तिथल्या विहिरीत गावची पोरं उड्या मारायची आणि ह्यांच्या वस्तीतली पोरं लांबून मोजायची, कोण किती वेळ खाली राहतो ते. वस्तीतल्या कुणालाच पोहता येत नव्हतं, कारण शिकायला पाणी नव्हतं. हे दौलतला माहीत होतं. तरी तो चिडून म्हणाला, "बाबा, इथं तसलं काही नसतं. लवकर चला."

"बरं, सर," किशनराव म्हणाले आणि हसले.

उथळ टोकाला सगळं उत्तम झालं. नळीतून श्वास घेणं, मास्कमध्ये पाणी घेऊन नाकाने बाहेर काढणं, हाताच्या खुणा. किशनराव आज्ञाधारक होते. आयुष्यभर साहेबांनी सांगितलेलं एकदाच ऐकून करायची सवय. कानावर दाब आला की काय करायचं, हेही दौलतने शिकवलं, दुखलं तर कानाकडे बोट करायचं, हेही. "लाजायचं नाही," असंसुद्धा तो म्हणाला, कारण ते वाक्य शिकवण्यात असतंच.

मग ते खाली निघाले. हिम्मतराव चार हातांवर तरंगत होते, पाटी छातीशी धरून. एक मीटर. दोन. किशनरावांनी नाक दाबलं, हवा सोडली. पुन्हा दाबलं. अडीच मीटरवर त्यांचा उजवा हात तळाला सोडलेल्या दोरीवर राहिला आणि डावा वर गेला, कानाशी. बोट सरळ नव्हतं, अर्धं वळलेलं. पण ती खूण होती. चष्मा काढलेले डोळे मास्कमागून मोठे दिसत होते.

दौलतने काय करायचं ते दहा वर्षांच्या मुलालाही शिकवता येईल इतकं सोपं आहे. त्याने ते केलं नाही. तो पायपंखाच्या एका हलक्या फटक्याने वळला, आणि त्याची पाठ हिम्मतराव आणि वडिलांच्या हाताच्या मधे आली.

मग त्याने विचारलं, अंगठा आणि बोटाचं कडं करून: ठीक?

किशनरावांचा हात कानापासून खाली आला. त्यांनीही कडं केलं. ठीक.

तळाशी फरशीवर ते दहा मिनिटं गुडघ्यांवर बसले. मधेच एकदा किशनराव एका बाजूला कलले आणि त्यांनी दौलतचं मनगट इतकं घट्ट धरलं की वर आल्यावरही बोटांचे ठसे दिसत होते. हिम्मतरावांना ते आवडलं. काठावर मास्क कपाळावर सरकवून ते म्हणाले, "साठ के ऊपर का आदमी, पैली बार पानी में, और क्या भरोसा करता तेरे पे! इसको सिखाना बोलते." आणि मग, "तू जा अंदमानला."

"आमचे वडील आहेत, सर," दौलत म्हणाला. एवढंच म्हणाला.

किशनराव खुर्चीवर बसून टॉवेल डाव्या गालाशी धरून होते. जग अजून फिरत असावं, कारण ते एकाच ठिकाणी, समोरच्या खांबाकडे बघत होते. भामा त्यांच्यासमोर वाकली. "काका, रक्त आहे का ते?"

"पाणी गेलं जरा, बेटा," ते म्हणाले आणि टॉवेलची घडी उलटी केली.

भामाने दौलतकडे पाहिलं. दौलत टाकीचा पट्टा सोडवत होता. तो पट्टा सुटायला फार वेळ लागला.

डॉक्टरांनी सांगितलं, पडदा फाटलाय. महिनाभरानंतर सांगितलं, त्या कानाचं आता विसरा. सकाळी अंथरुणातून उठल्यावर किशनराव भिंतीला हात लावून मोरीपर्यंत जायला लागले. विमलाबाईंनी दौलतला फक्त एकदा विचारलं, "कागद तू भरलास ना?" तो हो म्हणाला. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, आणि त्याला वाटलं, विचारावं.

फेब्रुवारीत तो अंदमानहून इन्स्ट्रक्टर होऊन आला. तिथल्या परीक्षकाने त्याला शंभरातले ब्याण्णव दिले होते. तोवर भामाने शाळा सोडली होती. काचीगुड्याच्या एका विमा कार्यालयात खिडकीवर बसत होती. हिम्मतराव विशाखापट्टणमला गेले.

मे महिन्यात बुद्धपौर्णिमेला विहारात वंदना झाली, खीर वाटली गेली. किशनराव चार जणांत बसून सांगत होते, "कान असा ठणकत होता म्हणता! पण मी पोराला कळूच दिलं नाही. परीक्षा होती ना त्याची." कुणीतरी दौलतच्या पाठीवर थाप मारली, "बघ रे, बाप काय असतो." वडिलांनी ही गोष्ट पूर्वीही सांगितली होती, शेजारी, नातेवाइकांत, डॉक्टरांकडेही. प्रत्येक वेळी तो तिथे होता, आणि प्रत्येक वेळी त्याने मान खाली घातली होती. लोकांना ती नम्रता वाटायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी किशनराव ओट्यावर एकटे बसले होते. दौलत त्यांच्या उजव्या हाताला बसला.

"बाबा, मला कळलं होतं."

"काय?"

"तुमचा हात कानाला गेला होता. मी बघितला. सरांना दिसू नये म्हणून मी मधे आलो."

किशनरावांनी समोरून जाणाऱ्या ऑटोला जाऊ दिलं. "माहीत हाय," ते म्हणाले.

दौलतला वाटलं, आपण नीट बोललो नाही. तो पुन्हा सांगायला लागला. किशनरावांनी हात वर करून थांबवलं.

"तू आडवा आलास, तवा तर मी हात खाली घेतला. मला वाटलं, झाकायला हातच नाही राहिला तर तू बाजूला होशील. मग तू काही झाकलंच नाही, असं झालं असतं. पण तू थांबलास तिथंच."

"मग लोकांना तसं कामून सांगता?"

"कसं सांगू मग?"

दौलत म्हणाला, "मी हिम्मतराव सरांना फोन करतो."

"कर. माझ्यासाठी नको करू. माझं तुझ्याकडं काही राहिलं नाही."

फोनवर हिम्मतरावांनी सगळं ऐकून घेतलं. मागे वारा होता, कुणीतरी तेलुगूत ओरडत होतं. "फॉर्मवर सही कुणाची?"

"बाबांची."

"भरला कुणी?"

"मी."

हिम्मतरावांनी विचारलं, "उस बच्ची को बोला क्या?"

"नाही, सर."

"पैले उसको बोल. मेरेको बाद में." फोन बंद झाला.

तो त्याच दिवशी काचीगुड्याला गेला. भामाच्या खिडकीपुढे रांग होती. तो रांगेत उभा राहिला, कारण दुसरं कसं जायचं ते त्याला सुचलं नाही. पाळी आली तेव्हा त्याने जाळीतून, मागच्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, फॉर्मपासून पाठ वळवण्यापर्यंत सगळं सांगितलं. भामाचं पेन हातात तसंच राहिलं.

"टॉवेल बघितला होता मी," ती म्हणाली. "आठ दिवस वाट बघितली, तू सांगशील म्हणून. मग मलाच लाज वाटायला लागली, मी सरांना का सांगत नाही म्हणून. ती लाज तुझ्यामुळे."

"तू परत येशील का? मी सरांना सांगतो, तलाव..."

"नाही." तिने मान हलवली. "काकांची चक्कर कशी आहे?"

"सकाळी असते अजून."

"माफी मागायला आलास?"

"नाही. सांगायला."

"सांगितलंस," भामा म्हणाली. "आता जा, दौलत. लोक थांबलेत."