अपघातांना जबाबदार

त्रिशूरला पुत्तनपळ्ळी चर्चच्या मागच्या गल्लीत माझं सोनं गाळायचं दुकान आहे आणि भिंतीला भिंत लावून कोच्चुत्रेस्या चेचीचं बायोडाटा लिहून द्यायचं. चेची म्हणजे ताई. आम्हा विट्याच्या माणसांना इथे सगळे सेठ म्हणतात. भट्टीपुढे तासभर बसले तर म्हणणार नाहीत.

साठी ओलांडलेली एवढीशी बाई, पण वाक्यात चुकीचा काळ दिसला की अंगात आल्यासारखी उठते. आखातात गेलेला अर्धा जिल्हा तिच्या हाताखालून गेलाय. मल्याळी क्रियापदाला मी, तू, तो काही चिकटत नाही. 'केलं' म्हटलं की कोणी केलं ते देव जाणे, आणि इंग्रजीत लिहिताना लोक घोळ घालतात. एका नर्सच्या बायोडाट्यात रोज शंभर इंजेक्शनं तिनं स्वतःच घेतली होती. चेची पोट धरून हसली आणि तिच्याकडून ते वाक्य चारदा लिहून घेतलं.

त्या गुरुवारी डेव्हिस आला. मस्कतला बांधकामावर मजुरांची सुरक्षा बघायचा, आता दोन वर्षं घरी बसलेला. अर्ज करून करून थकला, एकाही कंपनीचं उत्तर येईना. नव्या कंपनीची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. हीही नोकरी हुकली तर मुलीला कॉलेजातून काढायचं, असं घरी ठरलं होतं.

चेचीनं कागद वाचला आणि भिंतीवर थापा मारून मला हाका घातल्या. मी धावलो. कागदावर लिहिलं होतं: 'कामावरच्या अपघातांना मी जबाबदार होतो.'

"हे वाचून तुला कोण बोलावणार रे? पोलीस?"

मला हसू आवरेना. दोन वर्षांचं दुखणं एका ओळीत सापडलं होतं. चेचीच्या आनंदाला तर पारावार नव्हता. 'अपघात टाळण्याची जबाबदारी माझी होती' असं तिनं टाइपही करून टाकलं. मी चहा आणि पळंपोरी, म्हणजे केळ्याची भजी, मागवली. डेव्हिस मात्र हसला नाही.

"चूक नाहीये ती, चेची. एकजण वरून पडला होता. शिवन. त्याचा सुरक्षेचा पट्टा तपासायचं काम माझं होतं."

चहा आला तो तसाच निवत राहिला. मी धंदेवाला माणूस, म्हटलं, ओळच काढून टाका, कोण विचारतंय. चेची माझ्यावर उखडली. सोन्यातलं तुला कळतं तेवढं पुरे, म्हणाली. मग डेव्हिसकडे वळली.

"किती पडले?"

"एकच."

"मग अनेकवचन कशाला? एक माणूस पडला, आणि तू साऱ्या जगाचे अपघात डोक्यावर घेऊन फिरतोयस?"

डेव्हिसनं तोंड ओंजळीत धरलं. त्यानंतर काय केलंस, असं तिनं विचारलं, तेव्हा तो म्हणाला की रोज सकाळी प्रत्येकाचा पट्टा स्वतः ओढून बघायचो, पुन्हा कोणी पडलं नाही. हे कागदावर का नाही, म्हणून चेचीनं त्याला झापलं आणि टाइप केलं: 'एक अपघात झाला. पट्टा तपासणं माझं काम होतं. पुढे रोज प्रत्येक पट्टा मी स्वतः तपासला. पुन्हा कोणी पडलं नाही.' मुदत संपायच्या आत अर्ज गेला.

सोमवारी डेव्हिस चेचीच्या दुकानात असतानाच त्याला फोन आला, चेचीनं तो स्पीकरवर टाकायला लावला. सगळी गल्ली दारात गोळा झाली, मी भट्टी विझवून आलो. पलीकडच्या साहेबानं ती चार वाक्यंच मोठ्यानं वाचली आणि तो पडलेला माणूस आता कुठे असतो, एवढंच विचारलं. इथे जवळच, वाडानप्पळ्ळीला त्याच्या घरी, डेव्हिस म्हणाला, दर रविवारी जातो मी त्याच्याकडे. मग साहेबानं निघायची तारीख सांगितली.

दारात एकच गलका उठला. चेची डोळे पुसत त्याला म्हणाली, "आता रविवारी शिवनकडे कोण जाणार रे?"

"त्यानंच पाठवलंय मला तुमच्याकडे," डेव्हिस म्हणाला. "म्हणाला, तू इथे माझ्याजवळ बसून राहिलास तर तिकडच्या पोरांचे पट्टे कोण बघणार?"