वटार, कळंब आणि सुनंदाचं उत्तर

पार्सलातून आलं ते असं: बाळासाठी फुलाफुलांचं कापड, लाकडी जिराफ, चहाचा डबा आणि पत्र. पोस्टात तीस रुपये भरले, रिक्षाला वीस. जिराफाचा कान वाटेत मोडला होता, तो डिंकानं चिकटवला.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही बोळिंजला नवीन राहायला आलो होतो. गॅलरीतून तेव्हा भातशेतं दिसायची. पार्सल माझ्या धाकट्या दिराचं, विलासभाऊजींचं. ते फौजेत, जखमींची शुश्रूषा करणारे. सगळ्या देशांनी मिळून आफ्रिकेत शांतिसेना पाठवली होती, तिच्यात त्यांची तुकडी. तिकडे हत्यारबंद टोळ्या गावंच्या गावं कापून काढत होत्या. जीव वाचवून आलेली माणसं छावणीच्या फाटकाशी येऊन राहिली होती. भाऊजींची मुदत संपत आली होती आणि बदली तुकडीचा पत्ता नव्हता. ‘थांबायला कोण तयार आहे, असं विचारताहेत. तू म्हणशील तसं,’ असं त्यांनी सुनंदाला, म्हणजे माझ्या धाकट्या जावेला, लिहिलं होतं. तिच्या मांडीवर पाच महिन्यांची लेक, बापानं अजून न पाहिलेली.

“जगाची राखण काय आपल्याच घरानं करायची?” आमचे हे म्हणाले. मलाही तसंच वाटत होतं. भाऊजी वेळेवर घरी येऊ देत म्हणून मी बोळिंजच्या देवीला नवस बोलून बसले होते.

सुनंदा मात्र पत्र पुन्हा पुन्हा उघडून वाचायची. शेवटी वटारहून भाजी घेऊन येणाऱ्या मावशी म्हणाल्या, “आमच्या वाडीत चर्चच्या एक सिस्टर आहेत, तिकडच्या दवाखान्यातनंच आल्यात. जाऊन विचार की बाय!”

म्हणून ही सहल. सकाळी नाक्यावरून एसटी पकडली. सोबत पोरीची दुपटी, पाण्याची बाटली. माझी संकष्टी, तेव्हा डब्यात सुनंदापुरतीच घावनं. वटारला उतरलात तर वाडीतून पायीच जा. दोन्ही बाजूंना केळी, मधून पाट, आणि सोनचाफ्याचा वास असा की देवघरात उभं असल्यासारखं वाटावं.

सिस्टर ओटीवर सुकेळी पानांत बांधत बसल्या होत्या. ही वाळवलेली केळी उपासाला चालतात. जाल तेव्हा जरूर घ्या, बाजारापेक्षा वाडीत स्वस्त पडतात. पोरीला त्यांनी लगेच मांडीवर घेतलं.

सुनंदानं पत्रातली गोष्ट सांगितली. सिस्टरांचे हात थांबले.

“आमच्या दवाखान्याच्या फाटकावरही शांतिसेनेचे, निळ्या टोपीचे शिपाई होते. चारच होते. पण ते होते तोवर कुणी आत आलं नाही. मग त्यांना परत बोलावलं, आणि आम्हा परदेशी माणसांना न्यायला गाडी आली. गाडीत जागा होती गं. तिथल्या माणसांना न्यायची परवानगी नव्हती.”

“आणि आतली माणसं?” मी विचारलं.

“रोज नाव घेऊन प्रार्थना करते. जिवंतच आहेत असं धरून.”

त्यांनी सुकेळ्यांची एक पुडी सुनंदाच्या पिशवीत घातली आणि पैसे घेईनात. भाऊजींनी थांबावं की यावं, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

तिथून सहाआसनी रिक्षानं कळंबला. सुरूची झाडं, मोकळी वाळू; तेव्हा एवढी हॉटेलं नव्हती. मासळी वाळत घालणारी एक बाई ओरडली, “ओ बायांनो, पानी भरतंय! पोरीला भिजवता का काय?” आम्ही हसत मागे सरकलो. सुनंदा समुद्राकडे बघत होती.

“वहिनी,” ती म्हणाली, “मोठे भाऊजी म्हणतात, आपल्याच घरानं का? मग कुणाच्या घरानं?”

मी पोरीचं दुपटं सारखं केलं.

परतताना मी देवळाशी उतरले. नवस फिरवता येतो की नाही, ठाऊक नव्हतं. ओटी भरली आणि म्हटलं, आई, मुदतीचं मी मागे घेते. तिथल्या सगळ्यांना सांभाळ, आमचा त्यांच्यातच धर. सुनंदा पायरीवरून म्हणाली, “देवीला अर्ज बदलून दिलात वाटतं?” पत्र आल्यापासून ती पहिल्यांदाच थट्टा करत होती.

भाऊजी पुढे सुखरूप आले. लेकीला मात्र चांगलं चालता यायला लागलं होतं आणि ती त्यांच्याजवळ जाईना. तो काळ त्यांना परत मिळाला नाही, हे मी नाकारत नाही. आज कळंबला जाणारे रस्ते रुंद झालेत, वटारच्या वाड्या आक्रसल्या. सिस्टरही राहिल्या नाहीत. मला अजून आठवते ती संध्याकाळ. पोळपाट उलटा घालून, त्यावर कागद ठेवून सुनंदानं लिहिलं आणि चिकटवण्याआधी मला वाचून दाखवलं:

‘थांबा. पोरीला मी सांभाळते. दुसरी तुकडी येऊन फाटकाशी उभी राहिलेली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय निघू नका. ती आली की उलटटपाली कळवा.’